सरलेचं डोहाळजेवण

२ फेब्रुवारी १९८६, रविवार.
अमेरिका. नेपरव्हिलच्या बाहेर, हत्तीखान्याचा माळा.

आजपासून रोज लिहिणार. हेमचंद्रकाकांनी ऑफिसातली डायरी फुकट दिलीय, वाया घालवायची नाही. बाकीचे निश्चय: सिगारेट बंद. रोज इंग्रजीचे दहा शब्द. बर्फाला शिव्या द्यायच्या नाहीत.

तासगावच्या सर्कशीतली हत्तीण या प्राण्यांच्या पार्कला विकली, तिच्यासोबत मी, पंडित, आलो. आता तिला जेरी नावाचा अमेरिकन माणूस मिळालाय आणि ती इंग्रजीत ऐकते. माझ्याकडे ढुंकून बघत नाही. मी अजून 'यस सर'वरच आहे.

आज मालक हॅस्केलसाहेबांनी विचारलं, कापिबारा नावाचं जनावर आणलंय, माहिती आहे का. म्हटलं, यस सर, आमच्या सर्कशीत होती, सायकल चालवायची. साहेब खूश. पूर्वी जुन्या गाड्या विकायचे, त्यामुळे माणूस बरोबर पारखतात. माझे इथे राहायचे कागद जुलैअखेर संपतात. साहेबांनी हातात हात घेऊन शब्द दिला: तोवर पिल्लं झाली तर कागद वाढवून देतो, नाही झाली तर परतीचं तिकीट. म्हणजे झालंच म्हणायचं.

उद्या हे जनावर असतं कसं ते बघायचं.

३ फेब्रुवारी

घूस. सरळ सरळ घूस, फक्त डुकराएवढी. शेपूट नाही. बोटांच्या मध्ये बदकासारखं कातडं. हीटरवाल्या शेडमध्ये मोठी टाकी आहे, तिच्यात म्हशीसारखी बसतात. नाक, डोळे, कान तेवढे वर.

जोडी आहे. साहेबांनी विचारलं, नर कुठला. विकणाऱ्याने सांगितलेलं नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही, सगळा कारभार आत. मी एक नजर टाकली आणि सांगून टाकलं. मोठं, जाडं, मध्येच कुत्र्यासारखं भुंकतं, तो नर. सर्कशीच्या मॅनेजरसारखा दिसतो म्हणून नाव मोहनशेठ. लहानखुरं, लाजाळू, ती मादी. सरला. बिचारीच्या नाकावर काळंभोर चकचकीत गळू आहे. नव्या घरात पोरीचे असेच हाल होतात.

९ फेब्रुवारी, रविवार

मध्ये लिहिलं नाही. काम.

काकांकडे जेवायला गेलो. पद्मिनीकाकूंकडे गळवासाठी हळद मागितली. त्यांची मुलगी प्रतिमा कॉलेजात प्राण्यांचंच शिकते. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. गळवाचं ऐकून म्हणाली, दॅट्स द मेल, पंडित. म्हणे कापिबाराच्या नराच्याच नाकावर असं टेंगूळ असतं, त्यातून पांढरा चीक येतो आणि तो नर जागोजाग घासून ठेवतो, आपली हद्द म्हणून. मी हसलो. मुलगी हुशार आहे, पण या देशात तिला कोणी गळू दाखवलेलं नाही. काकूंनी तिला दटावलं, अगं, त्याने उभी हयात जनावरांत काढलीय. काका म्हणाले, ते दिसतंच आहे. काकांचा माझ्यावर जीव आहे.

१० फेब्रुवारी

हळदीचा लेप दिला. सरलेने तो टाकीच्या कठड्याला पुसला, दाराला पुसला, मग माझ्या पँटला. जीव लागला तिचा.

दुपारी भलतंच. सरला मोहनशेठच्या मागे लागली, त्याच्यावर चढून त्याला पाण्यात बुडवायला लागली. पुन्हा पुन्हा. शेठ मरतोय म्हणून मी टाकीत उडी घेतली. दोघं बाजूला होऊन माझ्याकडे बघत बसली. पाणी कोमट होतं, बाहेरची हवा नव्हती. ताप भरला. सिगारेट एक, औषध म्हणून.

२३ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. दोघंही सकाळी स्वतःचं शेण खातात. सरलासुद्धा. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आठवडाभर रोज पहाटे जाऊन हाकललं, ओरडलो, पोरांना माती खाताना रागावतात तसं. दोघंही मलूल पडली, चरबी उतरली.

प्रतिमाचा फोन. म्हणाली, लेट देम, पंडित. गवत एका वेळेत पचत नाही, म्हणून पुन्हा खातात. गाय रवंथ करते तसंच. मी म्हटलं, गाय ते आतल्या आत करते, चारचौघांना दाखवत नाही. तरी तिच्या शब्दाखातर दोन दिवस सोडून दिलं. दोघं टुणटुणीत. हळदीचा गुण.

इंग्रजी शब्द या आठवड्यात: एक. तो लिहिण्यासारखा नाही.

२८ मार्च, गुड फ्रायडे

पार्कच्या कँटीनमधला रामोन व्हेनेझुएलाचा. आज शेडमध्ये येऊन मोहनशेठकडे फार मायेने बघत होता. म्हणाला, आमच्याकडे ईस्टरच्या आधी उपासाला मटण चालत नाही, पण हे पाण्यात राहतं म्हणून याला मासा मानतात आणि खातात. कित्येक पिढ्या. काकूंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, भले, उपासाला साबुदाणा करून दमलो आम्ही आणि ही अक्कल कोणाला सुचली नाही.

शेडला दुसरं कुलूप लावलं.

४ मे

थंडी सरली, दोघांना बाहेरच्या तळ्यावर सोडलं. सरलेजवळ कोणीही जाऊन बसतं. बदकं पाठीवर चढतात. जेरी पाठीला टेकून सँडविच खातो. ती कोणालाच नाही म्हणत नाही, डोळे मिटून पडून राहते. जरा मनाला लागलं. माझ्यासाठी वेगळं असं काही करत नाही. पण मी गेल्यावर डोळे ज्या पद्धतीने मिटते ती पद्धत वेगळी आहे.

तिला दिवस गेलेत यात आता शंका नाही. सुस्तावलीय. मोहनशेठचं मात्र पोट सुटलंय. शेठ लोकांचं असंच, बायकोला दिवस गेले की हेच खाऊन माजतात. उद्यापासून शेठचा मका बंद.

१८ मे, रविवार

सरलेचं डोहाळजेवण. माहेरचं कोणी नाही, तेव्हा मलाच करायला हवं. काकू आधी म्हणाल्या, घुशीचं डोहाळजेवण केल्याचं सांगू कोणाला? मग हिरवी रिबीन आणि गजऱ्यासारखी प्लास्टिकची फुलं घेऊन आल्या. कलिंगड, काकड्या, मक्याची कणसं, सगळं ताटात मांडलं. काकूंनी ओवाळलं. सरलेला रिबीन बांधली, तिने ती खाल्ली.

एवढ्यात पलीकडे अडवून ठेवलेला मोहनशेठ कुंपण मोडून आला आणि अख्खं ताट फस्त केलं. कलिंगड सालीसकट. मी ओढायला गेलो तर माझ्यावर भुंकला. दात बघितले, चार बोटं लांब. सोडून दिलं.

काकू बराच वेळ शेठकडे बघत होत्या. म्हणाल्या, पंडित, हे खाणं दोन जीवांचं दिसतंय रे. मी म्हटलं, काकू, तुम्हाला पुरुषांची भूक माहीत नाही. काका म्हणाले, हे खरं.

२२ जून

प्रतिमाला पार्कमध्ये सुट्टीतली नोकरी लागली. माझ्या हाताखाली, असं मी धरतो. शेठचं पथ्य लागू पडत नाही, उलट रोज फुगतोय. तिच्या खिशात कणसं सापडली. विचारलं तर म्हणाली, यू आर स्टार्व्हिंग अ मदर. शेठला आई म्हणते. आईवेगळं राहणाऱ्या माणसाला आई म्हणजे काय ते कळतं, एवढंच मनात म्हणालो.

कागद संपायला महिना राहिला. सिगारेट मोजत नाही.

३ जुलै

नर पिल्लांना इजा करतो, म्हणून मोहनशेठला मागच्या गवताच्या खोलीत हलवला. प्रतिमा चिडली, साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, ज्याने यांना सायकल चालवताना बघितलंय त्यालाच ठरवू दे. साहेबांसारखा माणूस नाही.

६ जुलै, रविवार

साहेबांना सांगून ठेवलं होतं, आज नक्की. सरला सकाळपासून एका कुशीवर होती. साहेबांनी गावच्या पेपरचा कॅमेरेवाला बोलावला. मी गरम पाणी, काकांचा टॉवेल, ताजं गवत, सगळं तयार ठेवलं. सरलेच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. तिने कलिंगड खाल्लं आणि झोपली. कॅमेरेवाल्याने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, पहिलटकरणीला वेळ लागतो.

मग मागच्या खोलीतून बारीक शिट्ट्या ऐकू आल्या. एक नाही, बऱ्याच. प्रतिमा आली, आवाज न चढवता म्हणाली, पंडित, कम.

मोहनशेठ आडवा पडला होता आणि त्याच्या पोटाला पाच पिल्लं चिकटली होती. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात. एक तर उठून गवत चावायला लागलं.

साहेबांनी पिल्लांकडे बघितलं, शेठकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार वेळ बघितलं. मी म्हटलं, सर, इंडियात असं कधी कधी होतं.

साहेब निघून गेले. तिकिटाचं बोलले नाहीत, कागदांचंही नाही. पद्मिनीकाकूंनी डबा पाठवलाय, तसाच पडलाय. गावात चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलंय, मी अमेरिकेत जनावरांचा डॉक्टर आहे.

प्रतिमा येऊन गेली. म्हणाली, पिल्लं छान आहेत, तू तिला उपाशी ठेवलंस तरी. म्हणाली, सॉरी म्हण. शेठच्या जवळ जाऊन मराठीत म्हणालो. शेठने डोळे मिटले. अगदी सरलेसारखे.

१४ जुलै

खोलात विचार केला. चूक माझी नाही. नाकावर गळू असलेला नर ही निसर्गाची चूक आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

साहेबांनी शब्द पाळला. पिल्लं वेळेत झाली, आई कोण ते ठरलं नव्हतं. कागद एक वर्ष वाढले. कापिबारांचं काम प्रतिमाकडे आणि मला बढती: थेट मुख्य गेटवर, येणाऱ्या प्रत्येक माणसाचं स्वागत करायचं. पार्कचा चेहरा, असं साहेब म्हणाले.

त्यासाठी पोशाख आहे. तपकिरी गालिच्याचा, वर भलंमोठं कापिबाराचं डोकं. तोंडाच्या फटीतून बाहेरचं दिसतं. आत भट्टी पेटल्यासारखं होतं. बोलायची मनाई आहे, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्न सुटला. पोरं बीव्हर नावाचं इथलं जनावर समजून मिठी मारतात, एका आजीने अस्वल म्हणून पर्स मारली. नाकावरचं टेंगूळ मात्र मी आग्रहाने बसवून घेतलं. लोकांना खरी माहिती मिळाली पाहिजे.

काकांनी सरलेशेजारी उभं करून फोटो काढला. डोकं उतरवू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे, छान दिसतोयस. आज आईला पाठवला. मागे लिहिलंय, उभा आहे तो मी.