आईच्या हाताबद्दल, आप्पांना

आप्पा, आज दुपारी एका बाईचा हात उघडला. ऑपरेशन संपवून हात धुताना तुमची इतकी आठवण आली की नळ तसाच वाहत राहिला आणि शेवटी सिस्टरनं येऊन बंद केला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला सांगावं असं काहीतरी रोजच घडतं, पण आजचं सांगायलाच हवं.

टॉवेलच्या कारखान्यात तिचा हात रोलरमध्ये सापडला होता. नवऱ्यानं तासाभरात रिक्षात घालून आणलं. जखम अशी काही नाही, एक बारीक हाड मोडलेलं, बोटांची टोकं लाल, नाडी छान लागत होती. आमचा नवा डॉक्टर म्हणाला, "मॅडम, बोटांपर्यंत रक्त पोचतंय की. दुखायचं इंजेक्शन देऊ." मी त्याच्यावर खेकसले. माझा राग तुमच्यावर गेलाय असं आई म्हणते, तो असा अधूनमधून कामी येतो. हाताची पाठ फुगून कडक झाली होती. मी बोटाचं मूळ सरळ धरलं आणि मधलं पेर अगदी हळू वाकवलं, तशी ती किंचाळली. त्यावरून कळतं, आप्पा. हातात लहान लहान स्नायू असतात आणि त्यांच्याभोवती न ताणणाऱ्या पिशव्या. चेंगरलं की आत सूज चढते, पिशवी काही मोठी होत नाही, मग आतलं बारीक रक्त थांबतं. मोठी नाडी चालूच असते, म्हणून माणूस फसतो. काही तासांत त्या पिशव्या चिरून मोकळ्या केल्या नाहीत तर स्नायू मरतात. मी हाताच्या पाठीवर दोन चिरे घेतले, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूला एकेक, मनगटापाशी एक. काळपट पडलेलं मांस माझ्यासमोर तांबूस झालं. जखमा उघड्याच ठेवल्यात, सूज उतरली की टाके घालू.

मी दहावीत होते तेव्हा. मैंदर्गीच्या बाजाराला न्यायची मेंढरं टेंपोत चढवताना मागचा लोखंडी फाळका निसटला आणि आईच्या उजव्या हातावर आदळला. मेंढराचा पाय मोडला की आसपासचे लोक तुमच्याकडेच यायचे. तुम्ही कानडीत त्याची समजूत घालत बांबूच्या कामट्या लावायचात, जुन्या धोतराच्या पट्ट्या आवळायचात, आणि महिन्या-दीड महिन्यात ते कळपाच्या पुढं पळायचं. आईचा हातही तसाच बांधलात. ती म्हणते, "लई ठणकतंय वो, सोडा की." तुम्ही म्हणता, "सोडलं तर हाड हालंल. दोन दिस कळ काढ." ते दोन दिवस तुम्ही मेंढरांकडे फिरकला नाहीत, तिच्या उशाशी बसून होतात. हाड तुम्ही म्हणाला होतात तसं सरळ बसलं. पण अंगठा तळहातात शिरला, बोटं मुळापाशी वाकून ताठ झाली, आणि तिला पुन्हा कधी भाकरी थापता आली नाही. मग तुम्हीच परातीसमोर बसायला लागलात. भावकीतले हसायचे, "बायकूचा पदर बी घ्या की आता!" तुम्ही म्हणायचात, "हसा की. खायला मातुर या." आणि ते यायचे, कारण तुमच्या भाकऱ्या खरंच चांगल्या व्हायच्या.

डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षी वॉर्डात मी घट्ट प्लास्टरनं गेलेला एक हात पाहिला आणि दिवाळीच्या सुट्टीत ते सगळं घरी घेऊन आले. तुम्ही चुलीपुढं होतात. मी म्हणाले, "आप्पा, आईचा हात फाळक्यानं नाही गेला, तुमच्या पट्टीनं गेला." तुमचे हात पिठात थांबले. "म्हंजी, मी सोडलं आस्तं तर ऱ्हायला आस्ता?" मी म्हणाले, "हो." आई माझ्यावर ओरडली, "गप गं, लई शिकलीस!" तुम्ही उरलेल्या दोन भाकऱ्या थापल्यात आणि पहिली मला वाढलीत. त्यानंतर तुम्ही एकाही मेंढराचा पाय बांधला नाहीत. "आता दिसत न्हाय मला," म्हणून लोकांना परत पाठवायचात. दोन शेतं पलीकडची चुकार मेंढी तुम्हाला दिसायची, आप्पा.

आज त्या बाईचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठला. "मॅडम, मी काय बांधलो नाही, काय चोळलो नाही. माझं काय चुकलं काय?" मी म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. चेंगरलेला हात न बांधताही असा होतो." तो तिथंच मटकन बसला आणि रडायला लागला. मला वाटलं, त्या बाकावर तुम्ही असायला हवे होतात. फार वाटलं. आपलं पागोटं मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही दिसलातही मला क्षणभर.

पट्टी घट्ट होती, आप्पा, तिनं भर घातलीच असणार. पण ती सोडली असती तर हात राहिला असता, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. असा हात उघडणारा माणूस आपल्याला वेळेत मिळालाही नसता. हे पत्र मी आईला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं तरी कुठं? शिवाय हे मला आज कळलेलं नाही. शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी वाचताना पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात, दर रविवारी फोन करायचात, आणि मी मेंढरांची चौकशी करायचे. सांगितलं नाही. आईच्या हाताकडे बघताना मला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि तुम्ही उलट बोलत नव्हतात.