रेंज घरात आली

मोहटोला, पो. केशोरी
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
वहिनीचे अ. उ. आ.

तुझे पत्र परवा पोचले. गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले आणि तू भिंत धरून का होईना चालू लागलीस, हे वाचून जीव थाऱ्यावर आला. व्यायाम स्वतः करतेस की सुनेला करून दाखवायला लावतेस, ते खरे कळव. कानातल्या मशीनजवळ फोन नेला की शिट्टी वाजते, म्हणून तू फोन घेत नाहीस. घरच्यांना त्याचा त्रास होत असेल, मला मात्र त्या शिट्टीचे उपकारच वाटतात. नाहीतर मला पत्र लिहिणारे दुसरे कोण उरले आहे?

इकडे धानाची रोवणी आटोपली. तलाव काठोकाठ आहे. तुझ्या माहेरी फोन लागायचा तो फक्त तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, हे तुला आठवत असेल. दिवस कलला की रुख्मिणी, चमेली, मी, सगळ्या आपापला फोन पदराला पुसत तिथे जमायचो. एकीचा फोन लागला की बाकीच्या गप्प. चमेली तर एवढी मोठ्याने बोलायची की तिच्या लेकीला हैदराबादेत काय सोसावे लागते ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळायचे. मग पलीकडून तिची ती लेक रुची विचारायची, माय, कोण कोण बसून आहे वो तिथं? आणि आम्ही सगळ्या एकाच वेळी ओ द्यायचो. तुझे दादा गेले त्या वर्षी मी कुणाला फोन न लावताच पाळीवर बसून राहायचे. कुणी काही विचारत नसे. रोज कुणाची ना कुणाची लेक रडलेली असायची, तिचे समजावणे चालायचे, त्यातच माझेही समजावून व्हायचे.

मागच्या वर्षी आखाडीच्या सुमारास गावात टॉवर उभा झाला. आता चुलीपुढेसुद्धा पूर्ण रेंज. आनंद मलाही झाला, खोटे कशाला सांगू? पण आता जिची लेक तिच्या घरात. चमेलीला विचारले, पाळीवर येत नाहीस का? तर म्हणते, कायले येऊ वो बाई, पोरगी घरातच दिसून राहिली ना, तिथं मच्छर कोण चावून घेते? बरोबरच आहे तिचे. काल मी एकटी जाऊन बसले. शिंगाड्याचे वेल बघितले आणि परत आले.

उमेंद्र पुण्याहून रोज सायंकाळी व्हिडिओवर दिसतो. कधी सून रुचिका येते, कधी गुंजन आजीला जीभ दाखवून पळते. फोन लागत नसे त्या काळात हाच मुलगा काळजीने मधूनमधून येऊन थडकायचा. पुण्याची गाडी, मग गोंदियाहून दुसरी, मग अर्जुनीहून बस. आता म्हणतो, आई, रोज तर दिसतेस! संक्रांतीनंतर त्याचे येणे नाही. मी बरी साडी नेसून, केस सारखे करून फोनसमोर बसते, मग मी बरी दिसणारच. दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरते, त्या जत्रेला तरी येईल, असे मन म्हणते. त्या दिवशी बिनपाहुण्याचे घर कसे दिसते ते तुला ठाऊक आहे.

छोटेलालभाऊजींना नमस्कार, टीनाला गोड पापा. मला विसरायला तुला अजून पुष्कळ म्हातारे व्हायचे आहे, हे लक्षात ठेव.

तुझी,
वहिनी


गोंदिया
३० ऑगस्ट २०२४

ती. स्व. वहिनींस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मी वाचत होते तेव्हा टीना मागून डोकावली आणि म्हणाली, दादी, ये मामी-दादी मेसेज क्यूँ नहीं करती, इतना लिखने में हाथ नहीं दुखता क्या? मी म्हटले, दुखतो, म्हणूनच तर ती खरे तेवढेच लिहिते.

तुम्हाला वाटते भरलेल्या घरात करमत असेल. आमच्याकडे जेवायला सहा ताटे आणि सात फोन असतात. सातवा दुकानाचा. परवा टीनाने वरच्या माळ्यावरून मलाच फोन लावला, चाय बनी क्या म्हणून. मशीनची अशी शिट्टी वाजली की माझ्या हातून दूध सांडले. हे म्हणाले, जाने दो, बच्ची है. बच्ची कॉलेजात आहे.

आता मुद्द्याचे. उमेंद्रला मंडईला ये म्हणून तुम्ही सांगितले आहे का? मला पत्रात डोळे पुसून दाखवता आणि त्याला फोनवर दात. मग त्याला कसे कळावे? तुमचे उत्तर मला पाठ आहे. मंडईचे बोलावणे परक्याला करतात, घरच्याला केले तर तो पाहुणा ठरतो. दादाही तेच म्हणायचा, जावयाले निरोप पाठवा, लेकीले कायले? आणि मी बिननिरोपाची धावत यायची. पण आम्ही दिवाळी झाली की गावाकडे कान लावून बसायचो हो! आताच्या पोरांच्या कानात आधीच काहीतरी खुपसलेले असते. साफ सांगून टाका.

मी आले असते. पण डॉक्टर बसच्या पायरीवर पाय ठेवू देत नाही. तेव्हा मला धरून मंडई साजरी करण्याचा बेत असेल तर तो मोडा. ज्याला बोलवायचे त्यालाच बोलवा.

रागावलात तर रागाचेही पत्र पाठवा, तेवढेच वाचायला होईल.

तुमची,
भाग्यश्री


मोहटोला
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. तुझे ऐकले, आणि काय झाले ते ऐक. हसायचे असेल तर हस, मलाही आता थोडे हसू येते.

काल उमेंद्रचा फोन आला. आधी इकडचे तिकडचे झाले. धान निसवले का, लोंब्या भरल्या का, गोळ्या घेतेस का. मी एक श्वास घेतला आणि बोलायला लागले. म्हटले, बाबू, मला इथे फार एकटे वाटते. तुझ्या बापूंच्या माघारी मी पाळीवरच्या बायांच्या आधाराने उभी होते, ते बसणे आता मोडले. तू रोज दिसतोस, पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामे होते. ताटाला हात लावावासा वाटत नाही. तू मंडईला ये. घरचा म्हणून ये, पाहुणा म्हणून ये, कसाही ये.

भाग्यश्री, आयुष्यात तो माझे इतके निवांत कधी ऐकत बसला नव्हता. नाहीतर बोलताना त्याची नजर सारखी खाली कुठेतरी जाते. काल मात्र पापणी हलली नाही. तोंड किंचित उघडे, डोळे माझ्याकडे. मला वाटले, लागले लेकराच्या जिवाला. मीच त्याची समजूत घालू लागले, अरे, एवढे मनाला लावून घेऊ नकोस म्हणून.

आणि एकदम ते चित्र थरथरले. तो म्हणाला, हां, आई, आता दिसलीस, मघापासून अडकली होतीस, आवाजच येत नव्हता, काय सांगत होतीस?

मी म्हटले, काही नाही रे, धान चांगले आहे म्हणत होते.

तो म्हणाला, छान, आणि ऑफिसचा फोन आला म्हणून गेला. मी नंतर चमेलीकडे जाऊन रेंज विचारली, तर तिच्याकडे पूर्ण होती. मी कधी नव्हे ती ओट्यावर बसून राहिले, तेव्हा ती म्हणाली, बाई, नेट पाहाले आली का माणूस पाहाले? पण तेवढ्यात तिच्या रुचीचा फोन वाजला.

पुन्हा ते सगळे मला सांगता येणार नाही. एकदा सांगायलाच किती दिवस लागले होते.

तुझ्या गुडघ्याला जप. मी अशी आहे, तरी मला आपलीच म्हण.

तुझी,
वहिनी


गोंदिया
१३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मी हसले नाही. यांना वाचून दाखवले, तेही हसले नाहीत. त्यांनी फक्त दुकानाचा फोन उलटा करून ठेवला.

मी उमेंद्रला आजच झापू शकते. टीनाकडून फोन लावून घेतला, तर आत्याच्या धाकाने तो पहिल्या गाडीने निघेल. पण मग तो माझ्या धाकाने आलेला असेल, आणि तुम्ही जन्मभर तेच मनात धराल. मी तुम्हाला ओळखते. म्हणून मी त्यात पडत नाही.

मला चार-चार पाने लिहिता. पोटच्या पोराला कधी चार ओळी लिहिल्यात का? कागद घ्या. मनात आहे तेवढेच लिहा, आणि पाकीट बंद करायच्या आधी परत वाचू नका. वाचलेत तर फाडाल.

उत्तराची घाई नाही, पण वाट बघते हे विसरू नका.

तुमची,
भाग्यश्री


मोहटोला
१७ ऑक्टोबर २०२४

चि. उमेंद्रास,
आईचे अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस. तब्येत ठीक आहे.

मी वसतिगृहात होते तेव्हा सिस्टर आम्हाला दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवत. पहिले वाक्य त्या फळ्यावर लिहून देत, मी येथे सुखरूप व आनंदात आहे. आम्ही मुली ते उतरवून घ्यायचो. काही जणी रडत रडत उतरवायच्या, मीही त्यातलीच. पण अक्षर सुबक काढायचो. ती सवय मला अजून आहे. तुझा फोन आला की मी तेच वाक्य म्हणते, आणि तुला ते खरे वाटते. यात तुझी चूक नाही.

मला करमत नाही. फोनवर तू दिसतोस त्याचा आनंद होतो, पण तेवढ्याने भागत नाही. एकदा मी तुला हे सांगितले होते, ते तुझ्यापर्यंत पोचले नाही. भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी आपली मंडई आहे. ये. रुचिकाला आणि गुंजनला जमत असेल तर आण, नसेल तर एकटा ये.

हे वाचून लगेच फोन करू नकोस. मी पुन्हा काहीतरी वेगळेच बोलून बसेन.

तुझी,
आई


मोहटोला
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भाग्यश्रीस,
अ. उ. आ.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू नावे ठेवली असशील. ठेव.

मंडईला तो आला नाही. मी सुवाऱ्या तळल्या, पातोडीचा रस्सा केला, ओटा सारवला. रुख्मिणी बोलवायला आली तर तिला म्हटले, माझ्याकडे पाहुणे यायचे आहेत. सायंकाळी व्हिडिओवर उमेंद्र म्हणाला, आई, दंडारीचा खेळ दाखव ना गुंजनला. म्हणजे मंडई त्याला माहीत होती. गावाच्या ग्रुपवर फोटो आले होते म्हणे. मी गर्दीत हात उंच करून फोन धरला. त्यांना सगळे दिसले. मला पुढच्या माणसाची पाठ दिसली. पत्राचे तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. मला वाटले, वाचून गप्प बसला. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

आणि मागच्या सोमवारी, कापणीच्या धानाचे भारे मोजून मी घरी येत होते, तर चमेली वाटेतच ओरडली, तुमचा बाबू येऊन राहिला वो बाई! त्यालाही तिने सोडले नाही. म्हणाली, मंडई उठली ना बाबू, फुगेवाले बी गेले, आता कायले आला?

पत्र त्याला मिळालेच नव्हते. त्यांच्या इमारतीत खाली पत्रांच्या पेट्या आहेत, पण बिले, निमंत्रणे सगळे फोनवर येते, म्हणून पेटी वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही. त्यांच्या पेटीची किल्लीही कुठे आहे ते माहीत नाही. पाकिटाचा कोपरा फटीतून बाहेर दिसत होता, तो गुंजनने ओढला. पत्र वाचून तो फोन न करताच निघाला. मी तसे लिहिले होते ना.

पहिला दिवस आम्हाला बोलायला काही सुचले नाही. फोनवर रोजचे सगळे बोलून झालेले असते. तो माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरत राहिला, डबे उघडून बघत राहिला. संध्याकाळी म्हणाला, आई, तू एवढेच जेवतेस? मी म्हटले, हो. त्याने आपल्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. तुझे दादा असेच करायचे.

एक गोष्ट टॉवरच्या बाजूने लिहायलाच हवी. दोन दिवसांची रजा संपली, तर त्याने ओसरीवर खाट टाकून लॅपटॉप उघडला आणि शुक्रवारपर्यंत इथूनच काम केले. त्याच्या साहेबाला मागे कोंबडा ऐकू आला म्हणे. पूर्वीची रेंज असती तर बुधवारीच गेला असता.

शुक्रवारी निघाला. पिशवी खांद्याला लावून नेहमीसारखे विचारले, बरी राहशील ना? तोंडावर आलेले उत्तर मी गिळले. म्हटले, नाही रे. तू गेलास की मला फार जड जाईल. तो तसाच पिशवीसकट ओट्यावर बसला. मी शेजारी बसले. अर्जुनीची बस आली, थांबली, आणि आमच्या डोळ्यांदेखत गेली. कुणी उठले नाही. मग तो रडला, भाग्यश्री. मोठा माणूस, दाढीत केस पांढरे झालेले. मी त्याला थांब म्हटले नाही आणि जा म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बसने गेला. पुन्हा कधी येणार ते त्याने सांगितले नाही. मीही वदवून घेतले नाही. तुला बरे वाटावे म्हणून काही वाढवून लिहीत नाही. घर होते तसेच रिकामे आहे. पण आता ते त्याला ठाऊक आहे.

गुडघा कसा आहे ते लिही. माझ्या वाट्याची माया थोडी जास्त ठेवत जा, इकडे खर्च फार आहे.

तुझी,
वहिनी