दुसरा खंड उघडून बघा

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे आणि दचकू नकोस, कामावर आहे. बोटी रंगवायचं काम सुटलं (म्हणजे त्यांनीच सोडवलं), मग हिंडत हिंडत तुझ्याच जुन्या गावात येऊन टेकलो. इथे दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून पडलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, वाचनाची आवड आहे का. तोंडात चिमटा असताना माणूस नाही कसं म्हणणार? ते निघाले वाचक मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या एकशे चाळीस अभिजात ग्रंथांची सूची करायची, बदल्यात वाचनालयामागची खोली राहायला. दोन दिवसांत उरकलं बघ! कणे वाचायचे आणि लिहायचं.

पण जुन्या नोंदवहीत जे दिसलं ते तू कधी बोलली नव्हतीस. सात खंडांचं महाकाव्य, तिसऱ्यापुढे लाल शाईत: ‘चिटणीस बाईंनी गहाळ केला. सभासदत्व रद्द.’ चिटणीस बाई तूच ना? अक्षर डॉक्टरांचं, आणि डॉक्टरांचं असून वाचता येतं, यावरूनच राग ओळख. अकरा वर्षं झाली, तरी नवं कुणी डोकावलं की आधी हा किस्सा सांगतात, मग नियम. तू इथे पुस्तकचोर ठरलीस आणि मी त्यांच्याच खोलीत लोळतोय, हे घशाखाली उतरत नाही. खरं काय ते कळव.

दाढेसकट तुझा,
भिरभिऱ्या

९ जून

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पत्र लिहिलंस म्हणजे दाढ फारच ठणकली असणार.

चिटणीस बाई मीच. सातही खंड मी नव्या बांधणीला बाइंडरकडे दिले होते. परत आल्यावर डॉक्टरांनी कण्यांवरचे आकडे मोजले: एक, दोन, चार, पाच, सहा, सात. मी भर सभेत एवढंच म्हटलं, दुसरा खंड उघडून बघा. डॉक्टर म्हणाले, तो त्यांनी तीनदा वाचलाय, उघडायची गरज नाही. बाकीच्या आठ माना डोलल्या. मग मीही हट्टाला पेटले.

आणि तूही कणे वाचून सूची केलीस? शाबास! दुकानाची पाटी वाचून पोट भरत असेल तर तसंही कर. आता पुन्हा पहिल्यापासून, एकेक पुस्तक उघडून. उत्तर सापडलं तरच पत्र टाक.

तुझी कान पिळायला लांब असलेली,
आत्या

१७ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच उघडणार होतो, शप्पथ. पण गल्लीतून एकजण सायकलवर लांबलचक शिडी घेऊन चालला होता. वळणावर ती कशी वळवतो ते बघायला मागे गेलो, तो थेट नदीपर्यंत. शेवटी शर्टाची कॉलर दाबायला जाड पुस्तक हवं होतं. सगळ्यांत जाड दुसरा खंड, बाकीच्यांच्या दुप्पट! उघडला तर मधोमध आणखी एक शीर्षकपान: खंड तिसरा. बाइंडरने दोन बारके खंड एकाच पुठ्ठ्यात बांधले आणि कण्यावर आकडा एकच छापला. अकरा वर्षं तो अध्यक्षांच्या खुर्चीमागे, बरोब्बर त्यांच्या टकलाच्या रेषेत उभा आहे.

मग बाकीचीही उघडली. प्रस्तावनेपर्यंत पानं मळकी, चहाचे डाग. पुढे कोरी करकरीत. डॉक्टर दिवसभर लोकांना आ करायला लावतात, पुस्तकाला कधी लावलं नाही. आणि इतिवृत्त बघ: तू गेल्यावर पुढच्याच वर्षी दोन रविवार ‘तिसऱ्या खंडावर सखोल चर्चा’. हरवलेल्या!

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, गुपचूप ‘उपलब्ध’ लिहा, जुनं उकरू नका, खोली हवी तितके दिवस ठेवा. मी मान डोलावली. इथे तेवढं लवकर शिकता येतं. पण तूच का नाही उघडून दाखवलास?

कॉलर कडक झालेला,
भिरभिऱ्या

२३ जून

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

उघडून दाखवला असता तर पुस्तक मिळालं असतं, मंडळी मात्र पुढच्या रविवारी तशीच बसली असती. वाटलं, आठ दिवसांत कुणीतरी उघडेल. मग वाटलं, महिन्यात. मग मी गाव सोडलं. पहिली चार-पाच वर्षं पोस्टमन दारावरून पुढे गेला की चहा कडू लागायचा. हसलास तर बघ.

खोलीसाठी मान डोलावलीस, ठीक आहे. डोकं टेकायला जागा लागतेच. फक्त ते डोकं आपल्या घराण्यातलं आहे हे विसरू नकोस.

आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, मान परत घेतली. सत्तावन्नावी नोंद अशी लिहिली: ‘महाकाव्य, खंड दुसरा व तिसरा, एकाच बांधणीत. तिसरा कधीच हरवला नव्हता. चिटणीस बाईंनी उघडायला सांगितला, कुणी उघडला नाही. त्यांच्यावर खोटा आळ घेतल्याबद्दल खाली सह्या करणारे आम्ही सर्व त्यांची माफी मागतो.’

सभेच्या तीन दिवस आधी नऊ जणांना घरपोच प्रती दिल्या. काल सभा झाली. डॉक्टर म्हणाले, सूची मोठी रसाळ उतरली आहे, त्यांनी दोनदा वाचली. नऊच्या नऊ सह्या! वर काचेची चौकट करून दारापाशी टांगलीसुद्धा. सह्यांची प्रत सोबत आहे. मी बोचकं बांधून बसलोय, पण हाकलायला कुणी येत नाही. हाकलायचं तर आधी वाचावं लागेल ना!

बोचक्यावर बसून तुझा,
भिरभिऱ्या

७ जुलै

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

प्रत मिळाली. नऊही सह्या ओळखल्या. न वाचता मागितलेली माफी मी न उघडताच परत धाडणार होते. पण तसा हट्ट एकदा करून अकरा वर्षं घालवली, तेवढी पुरेत.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने सभेला येतेय. तू काही करायचं नाहीस, बोलायचं तर मुळीच नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या ठेव. मी मागच्या बाकावर बसेन आणि डॉक्टरांना नम्र विनंती करेन की सत्तावन्नावी नोंद मोठ्याने वाचून दाखवा. चष्मा विसरलो म्हणतील, म्हणून माझा जास्तीचा घेऊन येतेय.

लोभ आहेच, बोचकं मात्र बांधलेलंच राहू दे.

तुझी,
आत्या