बाबांनी ठोकलेल्या फळ्या

प्रिय डेल्सी,

तुझा फोन हल्ली तुझी सेक्रेटरी उचलते आणि गोड आवाजात निरोप विचारते. हा निरोप मला परक्या बाईजवळ देता येईना, म्हणून लिहायला बसले.

इथे सगळ्या खोऱ्याला तुझं कौतुक आहे. हॉबर्टकाकाच्या दुकानात रेडिओवर तुझं 'मातीच्या जमिनीवर रांगले मी' हे गाणं लागलं की बायका सामान निवडता निवडता थांबतात आणि डोळे पुसतात. मीही पुसले. पण डेल्सी, आपल्या घराला मातीची जमीन कधी होती गं? तुझ्या जन्माआधी बाबांनी खाणीतली पाळी संपवून येऊन पॉप्लरचं झाड तोडलं, रंधा मारून एकेक फळी ठोकली. का, तर बाळाला ओल लागू नये. घरात रोज घेवडा आणि मक्याचा पाव, हे खरं. पण पायांखाली लाकूड होतं.

हॉबर्टकाका चिडवायचा, "काय रे, पोरीला चिखलात वाढवलंस म्हणे?" बाबा नुसते हसायचे. "गाण्यात तसं म्हणावं लागतं," म्हणायचे. राग मलाच यायचा.

मार्चमध्ये तुझ्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं, घराचे फोटो काढायला माणूस येतोय म्हणून. त्या दिवशी मी बाजारातून परतले तर बाबा गुडघ्यांवर बसून पहारीनं फळ्या उचकटत होते. कोळशाच्या धुळीनं भरलेली ती छाती, दर फळीला थांबून खोकत होते. मी ओरडले. तर म्हणाले, "ऑर्फा, त्या माणसानं ही जमीन पाहिली तर आपली डेल्सी खोटी पडेल."

फोटो छान आलेत. तू पाहिले असशीलच.

उघड्या पडलेल्या मातीच्या ओलीनं त्यांची छाती धरली ती सोडलीच नाही. मंगळवारी बाबा गेले. फळ्या त्यांनी गोठ्यात नीट रचून ठेवल्या होत्या, तू आलीस की परत ठोकायला. हॉबर्टकाकानं त्याच फळ्यांची शवपेटी केली. रविवारी मूठमाती आहे. आपल्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही, गिटार आणू नकोस. भजनाची ओळ आधी बाबा म्हणायचे, मग आपण सगळे. बाईनं ओळ सांगायची आपल्यात पद्धत नाही, पण हॉबर्टकाका म्हणाला, रविवारी डेल्सीनं सांगितली तर कुणी काही बोलणार नाही. तू ये. कुठलंही भजन म्हण, ते गाणं तेवढं नको. आणि घरात शिरताना पाय जपून टाक. उंबऱ्याच्या आत आता फूटभर खाली माती लागते.

तुझीच ताई,
ऑर्फा