काचेआडचा अनंत

६ एप्रिल, रविवार
‘अनु, तू झाडाला हात लावू नकोस, नुसती बघ.’ आईचं वाक्य. मी नऊ वर्षांची होते आणि तुळशीला दूध-साखर घातली होती.
आज तिचा अनंत कुंडीसकट मुलुंडला माझ्याकडे आणला. घाटकोपरची बिल्डिंग पाडणार, दादा-वहिनी भाड्याच्या घरात चाललेत. आई गेल्यापासून तीन वर्षं पाणी वहिनीनेच घातलं. ती म्हणाली, ‘मी नेते गं, सवय आहे मला.’ मी म्हटलं, आईचं झाड लेकीकडे शोभतं. वहिनी चहा टाकायला आत गेली.
अकरा कळ्या आहेत. अकराही फुलवणार.

९ एप्रिल
व्हिडिओ बघितला. अनंत नाजूक, काचेआड ऊब हवी. आमच्या गॅलरीला स्लायडिंग काचा आहेतच! सगळ्या बंद केल्या, फटींत जुन्या ओढण्या कोंबल्या. सुयोग म्हणाला, ‘तो माणूस स्वेटर घालून बोलतोय, बघितलंस का?’ नवऱ्यांना झाडांतलं कळत नाही.

१५ एप्रिल
चार कळ्या गळल्या. झाडाला नको असलेल्या असणार.
वहिनीचा फोन. ‘वारा लागू दे गं त्याला.’ हो म्हटलं. खिडकी उघडली नाही. कबुतरं येतात.

२२ एप्रिल
पानं पिवळी. झाड जुनं टाकून एनर्जी वाचवतंय.
शांताबाई लादी पुसताना म्हणाल्या, ‘ताई, भट्टी झालीय हितं. पापड टाकू का वाळत?’ मला राग आला.
पापड दोन तासांत वाळले.

२७ एप्रिल, सायंकाळी ७
एकही कळी नाही. वहिनीने नेमका आज फोटो मागितला. स्टेशनबाहेरून अनंताची दोन फुलं आणली, फांदीला दोऱ्याने बांधली, पानं कमी दिसतील असा फोटो काढला. फक्त तिला बरं वाटावं म्हणून.
तिचं उत्तर: ‘आईंनी बघायला हवं होतं.’
फोन पालथा ठेवला. जेवले नाही.

११ मे, रविवार
वहिनी न कळवता आली. आधी काचा उघडल्या. मग खोड नखाने खरवडलं. आत तपकिरी, कोरडं. फांदीवरून दोरा सोडवला आणि म्हणाली, ‘गजऱ्याचा ना हा?’ बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.
निघताना चपला घालता घालता म्हणाली, ‘तू झाड नेलंस त्या दिवशी एक फांदी कापून घेतली होती मी. तुला न विचारता. रुजलीय.’ वर मलाच सॉरी म्हणाली.

१२ मे
ओढण्या धुतल्या. कुंडी अजून तिथेच. माती ओली आहे, कारण सकाळी पाणी घातलं. कशाला, माहीत नाही.
वहिनी नाही म्हणेल. तिने म्हणायलाच हवं. तरी लिहून पाठवलं:
‘वहिनी, तुझं रोप मोठं झालं की एक फांदी देशील का? हात लावणार नाही. नुसती बघेन.’