सोड्याऐवजी जिन

दुबई,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. हवा आता निवली आहे. आईचं मेतकूट पोचलं. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून लिहून मेल करतेय. शेवटपर्यंत वाचा.

नुकतंच मी नेग्रोनी नावाचं इटालियन पेय बनवायला शिकले. तीन गोष्टी, प्रत्येकी तीस मिली: जिन, व्हर्मूथ म्हणजे मसाले घातलेली गोडसर वाइन, आणि कॅम्पारी हे लालभडक कडू मद्य. बर्फावर ढवळायचं, वरून संत्र्याची साल पिळायची. कडवटपणा जिभेवर मागे राहतो, आई पाजायची त्या काडेचिराइतासारखा. शंभर वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समधला एक उमराव नेहमीच्या पेयाला कंटाळला आणि त्यात सोड्याऐवजी जिन घाला म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. पुरावा कच्चा आहे. प्रमाण पक्कं आहे.

पहिल्या दिवशी मी तेच चुकवलं. सवयीने तिन्ही काट्यावर तोलली, तीस-तीस ग्रॅम. जिन हलकी, बाकीची दोन साखरेमुळे जड. वजन सारखं, पण मापाने जिन जास्त पडली. समोरच्या इटालियन माणसाने एका घोटात ओळखलं आणि ग्लास परत केला. आमचे हेड बारटेंडर सुदेशदादा कुडाळचे. म्हणाले, "मॅडम, लॅब रिपोर्ट मागाहून द्या. आधी मापाने ओता. यल्ला, चला लवकर."

दुसरा ग्लास त्या माणसाने संपवला.

तुमच्या लक्षात आलं असेल. इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या सरबताच्या कारखान्यातली लॅब मी एप्रिलमध्ये सोडली. आता हॉटेलच्या बारमध्ये काम करते. कोणी काढलं नाही, कोणी फसवलं नाही. मला हे काम जमतं आणि आवडतं. मी पीत नाही; स्ट्रॉच्या टोकावर थेंबभर चाखते. सात महिने तुम्हाला सांगितलं नाही, ही चूक माझी.

त्यामुळेच माझ्यासाठी पाहिलेल्या स्थळाला, म्हणजे अंकुरच्या घरी, मी लॅबमध्ये असते असं तुम्ही सांगून बसलात. अंकुरला मी पहिल्या भेटीतच खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "चिल, आईला लग्नानंतर सांगू." मला ते पटलं नाही. काल त्याच्या आईला, सुचित्राकाकूंना, मीच फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दारू ओततेस?"

"हो काकू. मोजून."

"आणि लग्नानंतर?"

"तेव्हाही."

"घरी बोलून कळवते," म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

त्या तुम्हाला फोन करतील. "पोरगी सोडेल ते काम" असं माझ्या वतीने कबूल करू नका. मी सोडणार नाही. अंकुर आईवडिलांना घेऊन माझ्याकडे यायचा आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे शुक्रवारी चारला चहा ठेवीन. तिघं आली तर चार कप, नाही आली तर एक.

तुम्ही चिडाल, तरी तुमचीच,
शुभ्रा