वरची चिमूट

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लातुरात कुणी ओळखीचं भेटलं की म्हणतं, ‘तुमच्या वडलांच्या हाताला लई गुण होता.’ मी मान डोलावते. गुण होता, हे खरंच आहे. गंजगोलाईतल्या आपल्या जडीबुटीच्या दुकानातून सर्पगंधेची मुळी नेलेली माणसं बीपी उतरली म्हणून पेढे घेऊन यायची. आता नांदेडला फार्मसी कॉलेजात मी दरवर्षी तीच मुळी शिकवते. रक्तवाहिन्यांना ‘आवळून घ्या’ असा हुकूम मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं एक रसायन देतं. मुळीतलं द्रव्य तो साठाच रिकामा करतं, हुकूम थांबतो, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पोरं लिहून घेतात. मग मी सांगते, ही मुळी मेंदूतलाही साठा रिकामा करते आणि एखादं माणूस आतून विझत जातं. इथं माझा आवाज चढतो. पोरांना वाटतं, मॅडम परीक्षेचं सांगून राहिल्या.

अव्वाला, माझ्या आईला, बीपी होती, तुम्ही मुळी सुरू केलीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते वरच्या चिमटीबद्दल. तिनं तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, ‘चढली बघ हिची,’ आणि कोमट दुधात आणखी एक चिमूट पडायची. राग आणि बीपी तुमच्या लेखी एकच. माझ्या कॉलेजवरून ती तुमच्याशी भांडली, तो दिवस आठवतो. ती भाकरीचं पीठ मळतीय, हात कोपरापर्यंत भरलेले, आणि म्हणतीय, ‘पोरगी शिकंल. तुमचं दुकान गेलं चुलीत!’ तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. शांतपणे पेला पुढं केलात. ‘घे. डोक्याची शीर फुटंल न्हाईतर.’ ती प्यायली. औषधाला नाही कसं म्हणणार? थोड्याच दिवसांत तिचं बोलणं आटलं. नाक सदा चोंदलेलं, भरदिवसा झोप, तव्यावर भाकरी करपायची आणि ही नुसती बघत बसायची. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. पाहुण्यांना तुम्ही कौतुकानं सांगत होतात, ‘आता कशी गरीब गाय झालीय!’ मी शिकले ती नंतर, नवऱ्याच्या घरी.

आणि त्याच दुकानात एका गिऱ्हाइकाला तुम्ही बजावलं होतंत, ‘घरात कुणी उदास बसत असलं तर ही देऊ नका. मन खचतंय हिनं.’ मी तुमच्या मागंच उभी होते. ऐकलं मी ते, अप्पा.

तुम्ही गेलात, डॉक्टरांनी मुळी बंद करून गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी अव्वानं पाणी घातलेल्या दुधावरून दूधवाल्याला दारात असं झाडलं की शेजारीण बघायला आली. मी आत ओट्याशी उभी राहून रडले. सगळ्यांना वाटलं, मला तुमची आठवण आली.

परवा ती म्हणाली, ‘तुझं लगीन मला नीट आठवत न्हाई बघ. तू रडून राहिली, अन् मी दगडावानी बसले. कसली आई गं मी?’ इतकी वर्षं तिनं हे स्वतःच्या माथ्यावर घेतलं होतं. मला राहवलं नाही. सांगितलं, दोष तुझा नव्हता, मुळीचा होता, त्या मुळीनं माणूस असं होतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग विचारलं, ‘त्यांना ठावं होतं का?’

‘नाही,’ मी म्हणाले. एवढं लिहून झालं की हा कागद फाडणार आहे, कारण तिला वाचता येतं. माझं ऐकून ती तुमच्या फोटोकडं बघत म्हणाली, ‘बिचारे! त्यांना कळलं असतं तर जीव तुटला असता त्यांचा.’ आणि रडली, तुमच्यासाठी. तेव्हा खरं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. तिच्या भल्यासाठी नव्हे, अप्पा. तिचं रडणं तुमच्या वाट्याला जाऊ नये म्हणून.